सोरायसिस : रोग, रोगी आणि पुढील आयुष्य

शरीरातील सर्वांत मोठा अवयव कोणता, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला तर यकृत, फुप्फुस, मेंदू अशी उत्तरे येतात. वास्तविक पाहता त्वचा हाच आपला सर्वांत मोठा अवयव होय. ती आपले ऊन, पाऊस, धूळ आणि जंतू यांपासून रक्षण करते, शरीराची उष्णता सांभाळते आणि स्पर्शाचे ज्ञान देते. परंतु तिचे एक दुर्दैव आहे. पोटातला रोग पोटात लपतो, छातीतला रोग छातीत लपतो. त्वचेचा रोग मात्र चारचौघांत दिसतो. त्यामुळे त्वचेच्या रोग्याला दोन दुखणी एकाच वेळी सोसावी लागतात. एक रोगाचे आणि दुसरे लोकांच्या नजरेचे.

प्रस्तुत लेखात आम्ही सोरायसिस या रोगाचा विचार करणार आहोत. रोगाची लक्षणे आणि औषधे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. रोगी आणि त्याचे नातेवाईक मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळाच प्रश्न विचारतात. "हा कायमचा जाईल का? नाही गेला तर पुढे काय?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ते उत्तर सुरुवातीलाच थोडक्यात सांगतो. आजच्या ज्ञानानुसार सोरायसिस मुळापासून नाहीसा करणारे औषध जगात कोठेही नाही. परंतु तो आटोक्यात ठेवता येतो, आणि तो आटोक्यात ठेवून शिक्षण, नोकरी, लग्न, संसार हे सर्व करता येते. ज्यांचे आयुष्य या रोगाने खरोखर उद्ध्वस्त झाले त्यांपैकी पुष्कळांचे नुकसान रोगाने कमी आणि चुकीच्या उपचारांनी व लोकांच्या वागण्याने अधिक केले आहे.

रोग म्हणजे नेमके काय?

आपल्या त्वचेच्या तळाशी नवीन पेशी सतत तयार होतात, हळूहळू वर येतात, वाळतात आणि नकळत झडून जातात. निरोगी माणसात या प्रवासाला साधारण २८ दिवस, म्हणजे जवळजवळ महिना लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास आठवड्याच्या आत उरकतो. पेशी पूर्ण तयार होण्याआधीच वर येतात आणि झडायला वेळ न मिळाल्याने एकावर एक साचतात. त्यातून जाडसर चट्टा तयार होतो आणि त्यावर अभ्रकासारखे चकाकणारे पांढरे पापुद्रे दिसतात. कोपर, गुडघे, कमरेचा मागचा भाग आणि डोके या त्याच्या आवडत्या जागा होत. डोक्यातील सोरायसिस कित्येक वर्षे 'कोंडा' म्हणून दुर्लक्षित राहतो. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, नखे जाड व पिवळट होतात.

पाठ्यपुस्तकांत या चट्ट्यांचे वर्णन 'लाल' असे केलेले असते. ती पुस्तके गोऱ्या कातडीच्या देशांत लिहिली गेली. आपल्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तेच चट्टे जांभळट, तपकिरी किंवा काळसर दिसतात. बरे झाल्यावर त्या जागी काही महिने काळा किंवा फिका डाग राहतो. फिका डाग पाहून 'आता कोड फुटले' म्हणून घरचे घाबरतात. हे कोड नव्हे. बहुतेक वेळा काही महिन्यांत मूळ रंग परत येतो.

पेशींची ही घाई कशामुळे होते? आपल्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते. सोरायसिसमध्ये ती यंत्रणा शत्रू नसतानाही त्वचेत दाह निर्माण करते. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२३ ही दाह वाढवणाऱ्या प्रथिनांची नावे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावीत, कारण आजची नवीन औषधे यांनाच अडवतात. रोगाचा कल काही प्रमाणात आनुवंशिक असतो. पण केवळ अनुवंशाने रोग उद्भवत नाही. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, दारू, तंबाखू, वाढलेले वजन आणि काही औषधे यांपैकी कशाने तरी ठिणगी पडावी लागते.

येथे एक वाक्य ठळकपणे सांगितले पाहिजे. सोरायसिस संसर्गजन्य नाही. त्याचा जंतू नाही. तो हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, एका विहिरीत पोहल्याने किंवा झडलेल्या पापुद्र्याने कोणालाही होत नाही. तो रक्त 'खराब' झाल्याने होत नाही आणि कोणाच्या पापानेही होत नाही.

महारोगाशी झालेला घोटाळा

सोरायसिसच्या रोग्यांवर इतिहासात फार मोठा अन्याय झाला आहे. युरोपात मध्ययुगात महारोग आणि इतर त्वचारोग यांत फरक केला जात नसे. त्यामुळे अनेक सोरायसिसग्रस्तांनाही महारोगी ठरवून गावाबाहेर काढले गेले असावे, असे वैद्यकशास्त्राचे इतिहासकार मानतात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट विलन यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला या रोगाचे नेमके वर्णन केले खरे, पण नाव देताना त्यांनी 'लेप्रा' हाच शब्द वापरला आणि घोटाळा कायम राहिला. अखेर १८४१ साली व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी सोरायसिस हा महारोगापासून पूर्ण वेगळा आहे हे स्पष्ट केले. पुढे १८७३ साली नॉर्वेमध्ये हॅन्सन यांनी महारोगाचा जंतू शोधला आणि उरलासुरला संशयही संपला.

आपल्याकडेही असाच शब्दांचा गोंधळ आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत 'कुष्ठ' या एकाच नावाखाली अठरा प्रकारचे त्वचारोग सांगितले आहेत. त्यांतील 'एककुष्ठ' आणि 'किटिभ' यांची वर्णने सोरायसिसशी जुळतात असे आजचे वैद्य सांगतात. पण व्यवहारात कुष्ठ म्हणजे महारोग असाच अर्थ रूढ झाल्याने, कागदावर 'कुष्ठ' हा शब्द वाचताच घरात आकांत होतो.

विद्यार्थ्यांसाठी ढोबळ फरक असा. महारोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते किंवा नाहीशी होते. सोरायसिसच्या चट्ट्यावर संवेदना शाबूत असते, बऱ्याचदा खाज येते आणि पापुद्रे सुटतात. शंका असल्यास निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. गरज पडल्यास कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासतात. अर्थात 'मला महारोग नाही, म्हणून मला जवळ घ्या' असे म्हणण्याची पाळीही कोणावर येऊ नये. महारोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो आणि त्या रोग्यालाही दूर लोटण्याचे काही कारण नाही. ज्या समाजाने शिवाशिवीचा चटका पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे, त्याला हे अधिक सांगण्याची गरज नाही.

रोगाची चाल

हा रोग कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. तरी दोन काळ विशेष दिसतात. एक पंधरा ते पंचवीस या ऐन तारुण्याचा आणि दुसरा पन्नाशी-साठीचा. लवकर सुरू झालेल्या रोगात घराण्यात इतर कोणाला तो असण्याची शक्यता अधिक असते आणि त्याची चालही काहीशी जोरकस असते.

जगात किमान १० कोटी लोकांना सोरायसिस आहे असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या आपल्या अहवालात म्हटले आहे. तत्पूर्वी २०१४ साली याच संघटनेच्या महासभेने ठराव करून हा एक दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक आणि अपंगत्व आणू शकणारा रोग असल्याचे मान्य केले. म्हणजे हा 'किरकोळ कातडीचा आजार' नाही, ही गोष्ट जगाच्या पातळीवर नोंदली गेली.

रोगाची चाल भरती-ओहोटीसारखी असते. काही महिने चट्टे वाढतात, मग ओसरतात. काहींची त्वचा उपचारांनी, तर क्वचित आपोआपही, वर्षानुवर्षे स्वच्छ राहते. पुष्कळांना थंडीत त्रास वाढतो आणि उन्हाळ्यात कमी होतो. अनेक स्त्रियांना गरोदरपणात आराम पडतो आणि बाळंतपणानंतर रोग पुन्हा डोके वर काढतो. पुढे कोणाचा रोग किती वाढेल हे कोणताही डॉक्टर पहिल्या भेटीत निश्चित सांगू शकत नाही. तरी बहुसंख्य रुग्णांत रोग सौम्य किंवा मध्यम राहतो आणि केवळ मलमांवर आटोक्यात येतो, ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

प्रकारानुसारही भविष्य बदलते. लहान मुलांत व तरुणांत घसा सुजल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे बारीक ठिपके उठतात. याला गटेट सोरायसिस म्हणतात. तो बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो, मात्र काही मुलांत पुढे जुनाट स्वरूप घेतो. उलट टोकाला अंगाची जवळजवळ सर्व कातडी सुजून सोलवटणारा प्रकार असतो. त्यात शरीरातील पाणी, उष्णता आणि प्रथिने वाहून जातात, थंडी भरते, पाय सुजतात. अंगभर पू भरलेल्या पुटकुळ्या उठून ताप येणे हाही तसाच प्रकार होय. या दोन्ही स्थितींत जिवाला धोका असतो. रोग्याला घरी न ठेवता ताबडतोब इस्पितळात न्यावे.

त्वचेच्या पलीकडे

जो दाह त्वचेत दिसतो तो त्वचेपुरता थांबेलच असे नाही, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. दीर्घकालीन भविष्याचा विचार करताना पुढील तीन गोष्टींकडे लक्ष ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

पहिली गोष्ट सांधे. सोरायसिसच्या रुग्णांपैकी जवळपास ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सोरायसिसचा संधिवात होऊ शकतो. बहुतेकांत आधी कातडीचा रोग येतो आणि सांधे साधारण दहा वर्षांनी धरतात. त्यामुळे रोग्याला दोहोंचा संबंधच लक्षात येत नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांधे आखडलेले राहणे, टाच दुखणे, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून फुगणे, रात्री कंबर दुखून जाग येणे ही त्याची लक्षणे होत. नखांना रोग असलेल्यांत ही शक्यता अधिक. रक्तातील संधिवाताची नेहमीची चाचणी यात बहुधा निर्दोष येते. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नये. निदानाला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी सांध्याचे कायमचे नुकसान होण्याचा संभव वाढतो, असे अभ्यासात आढळले आहे. वाकलेले बोट औषधाने सरळ होत नाही. वेळेवर औषध सुरू केले तर ते वाकणे बहुतांशी टाळता येते. हातावर पोट असलेल्या कामगाराच्या दृष्टीने हा फरक म्हणजे भाकरीचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट हृदय. तीव्र सोरायसिस असणाऱ्यांत लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, यकृतातील चरबी आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. ब्रिटनमधील नोंदींवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तिशीतील तीव्र सोरायसिसच्या रुग्णांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. तशाच नोंदींच्या २००७ मधील अभ्यासात तीव्र रोग असलेल्या पुरुषांचे आयुर्मान सुमारे साडेतीन वर्षांनी व स्त्रियांचे सुमारे साडेचार वर्षांनी कमी आढळले. हे वाचून घाबरून जाऊ नये. तिशीत झटका येणे मुळातच विरळ असते, आणि हे आकडे तीव्र रोगाचे आहेत. सौम्य रोगात धोका फारसा वाढत नाही. यातून घ्यायचा धडा एवढाच की चट्टे दाखवायला गेल्यावर वजन, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांचीही तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी.

तिसरी गोष्ट मन. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारा तरुण, केस कापायला गेल्यावर नाभिकाने परत पाठवलेला मुलगा, बसमध्ये शेजारचा माणूस उठून गेल्याने खाली मान घालणारी मुलगी, यांच्या मनावर काय परिणाम होत असेल? या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण अधिक असते आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही येतात. झोप उडणे, लोकांत जाणे बंद करणे, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असे बोलणे ही लक्षणे दिसली तर त्याला 'मनाला लावून घेऊ नको' असे सांगून सोडू नये. त्याच्याशी बोलावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

उपचारांचा प्रवास

या रोगाच्या उपचारांचा इतिहास मनोरंजक आहे आणि त्यात आपल्या गोव्याचेही नाव आहे. ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडातून मिळणारी पिवळी भुकटी पोर्तुगीज व्यापारामुळे गोव्यात आली आणि तेथून हिंदुस्थानभर गजकर्णावरचे औषध म्हणून 'गोवा पावडर' या नावाने पसरली. १८७० च्या दशकात लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांना ती सोरायसिसवर गुणकारी असल्याचे आढळले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तिच्याच धर्तीवर डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध तयार झाले. ते कपड्यांना डाग पाडते, कातडीची आगही करते, पण पुढे कित्येक दशके ते या रोगावरचे एक प्रमुख औषध होते.

१९२५ साली अमेरिकेत गोकरमन यांनी कोळशाचे डांबर आणि अतिनील किरण यांचा एकत्रित उपयोग केला. १९७४ साली सोरालेन नावाचे औषध घेऊन विशिष्ट किरण देण्याची 'पुवा' पद्धत प्रसिद्ध झाली. सोरालेन हे द्रव्य आपल्याकडच्या बावचीच्या बियांतही असते. आज तिच्याऐवजी बहुधा ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याचे किरण देतात. ते अधिक सुरक्षित मानले जातात आणि गरोदर स्त्रियांनाही देता येतात.

रोग अंगभर पसरला किंवा सांधे धरले तर पोटात घ्यायची औषधे लागतात. मेथोट्रेक्सेट हे त्यांतील जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध. सायक्लोस्पोरिन, ॲसिट्रेटिन आणि ॲप्रेमिलास्ट ही इतर औषधे. या शतकाच्या आरंभापासून जैविक इंजेक्शने आली. दाह वाढवणारे नेमके एकच प्रथिन ती अडवतात आणि अनेक रुग्णांची त्वचा जवळजवळ पूर्ण स्वच्छ होते. यांपैकी इटोलिझुमॅब हे बंगळूरमध्ये विकसित झालेले औषध २०१३ साली भारतात मान्य झाले. जैविक औषधे महाग आहेत आणि ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करणे आवश्यक असते, कारण त्यांतील काही औषधांमुळे शरीरात दबून बसलेला क्षय जागा होऊ शकतो. आपल्या देशात या सूचनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आम्हाला येथे एवढेच दाखवायचे आहे की ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वी 'आता काही होणार नाही' असे सांगितले गेले, त्याच्यासाठी आज काही तरी असू शकते. जुनी फाईल बंद करून बसलेल्यांनी पुन्हा एकदा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जावे.

भविष्य बिघडवणाऱ्या चार गोष्टी

(१) *कायमच्या इलाजाचा शोध.* भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांत 'सोरायसिस मुळापासून बरा, गॅरंटी' अशा जाहिराती दिसतात. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. त्यामुळे आठ दिवसांत त्वचा स्वच्छ दिसते आणि रोगी भारावून जातो. पुडी थांबताच रोग दुप्पट जोराने उसळतो, कधी अंगभर पसरतो. सोरायसिसमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन एकदम बंद करणे हे धोक्याचे आहे. कर्ज काढून, दागिने विकून अशा इलाजांमागे धावलेली कुटुंबे प्रत्येक वस्तीत सापडतील.

(२) *दुकानातून आणलेली मलमे.* स्टेरॉइडचे मलम हे वाईट औषध नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावले तर ते उपयुक्त आहे. पण तीव्र मलम महिनोन्‌महिने चोळल्याने कातडी पातळ होते, त्यावर पट्टे उमटतात आणि औषधाचा गुणही कमी होतो. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. नियम पाळला जावा यासाठी ग्राहकानेही जागरूक असावे.

(३) *मेथोट्रेक्सेटची चूक.* सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. गैरसमजाने रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी घटतात आणि मृत्यूही ओढवतो. गोळीचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवावा. घरात वाचता न येणारे वडीलधारे रुग्ण असतील तर ही जबाबदारी शिकलेल्या मुलांनी घ्यावी. या औषधासोबत दारू वर्ज्य करावी, रक्ताच्या तपासण्या वेळेवर कराव्यात, आणि मूल हवे असेल तर स्त्री-पुरुष दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे. ॲसिट्रेटिन बंद केल्यावर तर स्त्रियांनी तीन वर्षे गर्भधारणा टाळायची असते.

(४) *दारू, विडी, तंबाखू आणि वाढते वजन.* यांमुळे रोग वाढतो, औषधांचा गुण कमी होतो आणि हृदयाचा धोका चढतो. वजन उतरल्यावर चट्टेही कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हे औषध फुकट मिळते, पण घेणे सर्वांत कठीण असते.

दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर 'मला सोरायसिस आहे' हे आवर्जून सांगावे. लिथियम, क्लोरोक्विन आणि रक्तदाबावरील काही औषधे यांनी रोग भडकू शकतो. मात्र चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

रोजचे जीवन

आंघोळ कोमट पाण्याने करावी. कढत पाणी आणि दगडाने घासणे टाळावे. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिन लावावे. साधे वाटले तरी हा उपचाराचा पाया आहे, आणि गरिबालाही तो परवडतो. पापुद्रे नखांनी उपटू नयेत, कारण कातडीला जेथे इजा होते तेथे नवा चट्टा उठतो. कोवळे ऊन हितकारक असते, पण कातडी भाजेपर्यंत बसू नये. घसा दुखला तर अंगावर काढू नये. मासे, दूध, वांगी, आंबट यांवर सरसकट बंदी घालण्याला आधार नाही. पथ्याच्या नावाखाली वाढत्या वयाच्या मुलांना दूध-अंडी तोडली तर रोग हटत नाही, उलट मूल मात्र अशक्त होते.

लग्न, मुले आणि नोकरी

आईवडिलांपैकी एकाला सोरायसिस असेल तरी त्यांच्या बहुसंख्य मुलांना तो होत नाही. दोघांनाही असेल तर शक्यता बरीच वाढते, पण तेव्हाही खात्रीने होईलच असे नाही. यास्तव केवळ या रोगामुळे लग्न मोडणे किंवा मूल नको म्हणणे याला शास्त्राचा आधार नाही. त्याचबरोबर रोग लपवून लग्न लावणेही योग्य नव्हे. लपवलेला रोग चार महिन्यांत उघड होतो आणि मग रोगापेक्षा फसवणुकीचे दुःख मोठे होते. दोन्ही घरांनी एकत्र बसून डॉक्टरांकडून माहिती घ्यावी, हाच सन्मानाचा मार्ग होय.

कायद्याची बाजूही माहीत असावी. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात महारोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने तेही काढून टाकण्यात आले. सोरायसिस हे तर असे कारण कधीच नव्हते. म्हणून 'कातडीचा रोग आहे, सोडचिठ्ठी देतो' या धमकीने कोणत्याही भगिनीने घाबरून जाऊ नये.

कामाच्या बाबतीत, सोरायसिसचा मनुष्य स्वयंपाक करू शकतो, मुलांना शिकवू शकतो, रुग्णसेवा करू शकतो. ज्या कामात सतत साबण, सिमेंट किंवा रसायने हाताळावी लागतात तेथे हातमोजे व काळजी हवी, इतकेच. इंग्लंडचे नाटककार डेनिस पॉटर हे कोळसा खाणकामगाराचे पुत्र. तरुणपणीच त्यांना सोरायसिस आणि त्याचा संधिवात इतका तीव्र झाला की हाताची बोटे वाकून गेली. तरीही त्यांनी पुढील तीस वर्षे लेखन केले आणि १९८६ साली दूरचित्रवाणीवर गाजलेल्या 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' या मालिकेचा नायक याच रोगाने अंथरुणाला खिळलेला दाखवला. त्या काळी आजची औषधे नव्हती. आज एखाद्या विद्यार्थ्याला हा रोग जडला तर त्याची बोटे तशी वाकू न देणे आपल्याला शक्य आहे.

समाजाने काय करावे?

रोगी स्वतः जे करायचे ते करील, पण त्याच्या भविष्याचा काही भाग आपल्या हाती आहे. घरात त्याचे ताट-तांब्या वेगळे ठेवू नयेत. वस्तीतील नाभिक, शाळेतील शिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांना 'हा रोग पसरत नाही' हे कोणी तरी जाऊन सांगितले पाहिजे. हे काम शिकलेल्या तरुणांनी अंगावर घ्यावे. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन पाळला जातो. त्या दिवशी एक व्याख्यान, एक तपासणी शिबिर, जुन्या रुग्णांची नव्या रुग्णांशी भेट, एवढे कोणत्याही मंडळाला सहज करता येईल. पंधरा वर्षे हा रोग सांभाळून संसार केलेल्या माणसाला पाहून नव्या रोग्याला जो धीर येतो, तो डॉक्टरांच्या शब्दांनी येत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. आपल्या ओळखीत कोणाच्या कोपरावर, गुडघ्यावर पांढरे पापुद्रे असतील तर त्याला तीन प्रश्न विचारा. सकाळी सांधे आखडतात का? गेल्या वर्षभरात रक्तदाब आणि साखर तपासली का? औषध कोणी दिले, डॉक्टरांनी की दुकानदाराने? उत्तरे ऐकून त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, आणि जाताना त्याच्या शेजारी बसून जा.